आरसे, सुया आणि सहा शनिवार : प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

सातवीच्या २८ मुलांबरोबर पुढचे सहा शनिवार आरशांचे प्रयोग करायचे ठरलं आहे. दोघांत एक संच, म्हणजे १४ संच. कुणाला हेच करून बघायचं असेल तर कुठे किती वेळ जातो आणि काय बिघडतं ते आधीच कळावं, म्हणून या नोंदी. परावर्तनाचे नियम पुस्तकात आहेत, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

आज फक्त सामान. ३ मिमी जाडीच्या साध्या आरशातून १५ सेमी लांब, ४ सेमी उंच अशा ३० पट्ट्या कापून आणल्या. शिवाय आरशासारख्या अॅक्रिलिकचा एक मोठा तुकडा, २ मिमी जाड. सगळंच अॅक्रिलिकचं करावं असा आधी विचार होता, कारण ते फुटत नाही आणि बोटं कापत नाहीत. पण एक पट्टी टेबलावर उभी करून त्यात वहीची ओळ बघितली, तर ओळ मधे फुगलेली दिसली. पट्टी बोटानं किंचित दाबली की फुगवटा सरकत होता. मोजमापाच्या प्रयोगांना हे चालणार नाही. मोजायला काच आणि जोडकामाला अॅक्रिलिक, अशी वाटणी केली.

४ जानेवारी

आख्खा दिवस कडा घासण्यात गेला. काचेच्या कापलेल्या कडा पॉलिश पेपर ओला करून घासल्या आणि त्यावर कागदी टेप लावली. कोरडं घासू नका, बारीक भुकटी उडते आणि मागचा चंदेरी लेपही कडेनं सोलतो. दोन पट्ट्या अशाच वाया गेल्या, एक हातातून निसटून फुटली. राहिल्या २७. एका पट्टीला सरासरी आठ मिनिटं लागली. हे काम आदल्या आठवड्यातच संपवा.

१० जानेवारी, पहिला शनिवार

किरण दाखवण्याचा दिवस. काळ्या पुठ्ठ्याला १ मिमी रुंदीची उभी फट, मागे टॉर्च, पुढे पांढरा कागद, कागदावर उभा आरसा. घरी एकदा करून बघितलं होतं, पण तेव्हा वापरला होता मोबाइलचा दिवा. वर्गात १४ टॉर्च लावले आणि एकाही कागदावर किरण म्हणावी अशी रेघ उमटेना. नुसता पंख्यासारखा पसरलेला उजेड.

कारण साधं होतं. टॉर्चचं तोंड २ सेमी रुंद, आणि ते फटीपासून जेमतेम १० सेमीवर. एवढ्या रुंद तोंडाच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला उजेड फटीतून वेगवेगळ्या दिशेनं बाहेर पडतो. मोबाइलच्या दिव्याचा उजळ भाग ३ मिमीच्या आसपास. तो फटीपासून अर्धा मीटर मागे नेला, की २० सेमी पुढेही रेघ अडीच-तीन मिमीच राहते. उजेड कमी पडतो, म्हणून पडदे ओढावे लागले. मोबाइल पाचच होते, ते आळीपाळीनं फिरवले. पाऊण तास इथेच गेला. लेझर पॉइंटरनं हे मिनिटात झालं असतं, पण आरसा हातात असलेल्या २८ मुलांच्या खोलीत लेझर आणायचा नाही हे माझं ठरलेलं आहे. तो कुणाच्या डोळ्यावर कधी जाईल ते सांगता येत नाही.

पुढची अडचण : जाणारा किरण कागदावर स्वच्छ दिसतो, परतणारा मात्र चार बोटांवर विरून जातो. आरसा पुस्तकाला टेकवून उभा केला होता आणि तो मागे कलत होता. आरसा २ अंश कलला तर किरण ४ अंश उचलला जातो. म्हणजे २० सेमीवर तो कागदाच्या जवळजवळ दीड सेमी वर असतो. डोळ्याला आरसा सरळच दिसतो, किरण मात्र कागद सोडून गेलेला असतो.

तपासायची युक्ती एका मुलीनं दिली. आरशाच्या कडेला डोळा नेऊन ती म्हणाली, "ताई, आतला कागद खाली दुमडलाय." खरंच होतं. आरसा कागदाशी काटकोनात असेल तर बाहेरचा आणि आतला कागद मिळून एकच सपाट पान दिसतं. थोडा जरी कलला तरी आरशाच्या रेषेवर पानाला घडी पडल्यासारखी दिसते. गुण्या लावण्यापेक्षा ही खूण जास्त नेमकी निघाली. मग प्रत्येक पट्टीला मागून दोन काळ्या बाइंडर क्लिपा लावल्या आणि घडी मोडेपर्यंत क्लिपांखाली कागदाच्या चिंध्या सरकवल्या.

कोन मोजताना निम्म्या जोड्यांनी स्तंभिकेऐवजी (आरशाला काटकोनात काढलेल्या रेघेऐवजी) आरशापासूनच मोजले. तसेही दोन्ही कोन सारखे येतात, त्यामुळे चूक कळत नाही. फळ्यावर सगळ्यांचे आकडे शेजारी लिहिले तेव्हा एकाचे ३० आणि दुसऱ्याचे ६० बघून ती उघड झाली.

आणखी एक. एका जोडीनं सांगितलं, की परत येणारे किरण दोन आहेत, एक ठळक आणि त्याच्या शेजारी एक अगदी फिकट. मी म्हटलं, फट कुठेतरी फाटली असेल, आणि पुढे गेले. हे लिहून ठेवते.

१७ जानेवारी, दुसरा शनिवार

प्रतिमा आरशाच्या मागे किती अंतरावर असते ते सुयांनी शोधायचं. जाड पुठ्ठ्यावर कागद, कागदावर रेघ, रेघेवर आरशाचा पुढचा काठ. आरशासमोर ८ सेमीवर एक टाचणी. आरशामागे दुसरी सुई अशा जागी रोवायची, की ती आणि टाचणीची प्रतिमा एकाच ठिकाणी आहेत असं दिसेल.

पहिली चूक सामानातली. मागे लावायला साध्या टाचण्याच आणल्या होत्या. आरसा ४ सेमी उंच, टाचणी ३ सेमीची, मग ती आरशाच्या वर डोकावणार कशी? विणकामाच्या सुया मागवून घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात बोटांचा सराव करून घेतला : एक बोट जवळ, एक लांब, एक डोळा मिटून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. लांबचं बोट डोक्याच्या बाजूनं सरकतं, जवळचं उलट्या बाजूला. दोन्ही एकाच अंतरावर असली तर एकमेकांना सोडत नाहीत. हा सराव झाला नसता तर पुढचं काही जमलं नसतं. मुलं सुई आणि प्रतिमा एका रेषेत आणून थांबतात, पण एका रेषेत येणं म्हणजे एका जागी असणं नव्हे. डोकं हलवल्यावरही जोडी फुटली नाही, तरच जागा बरोबर.

मग मोजमापं आली. टाचणी ८० मिमीवर, प्रतिमाही ८० वर यायला हवी. १४ पैकी ११ जोड्यांचं उत्तर ८३ ते ८५ मिमी. मी सांगितलं, डोकं नीट हलवा, पुन्हा करा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायला लावलं. चाळीस मिनिटं गेली, मुलं कंटाळली, दोघींनी तर मला हवा म्हणून ८० आकडा लिहून टाकला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तो आकडा त्यांनी माझ्यामुळे लिहिला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "ताई, चुकलं असतं तर कुणाचं कमी आलं असतं, कुणाचं जास्त. सगळ्यांचं एकाच बाजूला कसं चुकेल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या वह्या घरी घेऊन आले.

१८ जानेवारी

सकाळपासून तीन तास हाच प्रयोग एकटीनं केला.

आरशाच्या पुढच्या काठावर रेघ : टाचणी ८०, प्रतिमा ८४.
चंदेरी लेप मागच्या बाजूला असतो, म्हणून रेघ मागच्या काठाला घेतली : टाचणी ८३, प्रतिमा ८१. आता चूक उलट्या बाजूला.
रेघ काचेच्या आत, पुढून दोन तृतीयांशावर, म्हणजे २ मिमी मागे घेतली : टाचणी ८२, प्रतिमा ८२.

पाण्याच्या भांड्याचा तळ वर आल्यासारखा दिसतो, तसंच इथे होतं. काचेचा अपवर्तनांक (काच उजेडाला किती वाकवते याचं माप) सुमारे १.५, म्हणून ३ मिमी आत असलेला लेप समोरून पाहणाऱ्याला २ मिमीवरच आहे असा दिसतो. आरसा जणू तिथेच आहे असं धरलं की हिशेब जुळतो. पुढच्या काठापासून मोजलं तर प्रतिमेचं अंतर ४ मिमीनं जास्त येणारच. खात्रीसाठी एक ५ मिमी जाडीचा आरसा मिळवला. त्यात फरक पावणेसात मिमीच्या जवळपास यायला हवा. चार वेळा मोजला, ६ आणि ७ च्या मधेच आला.

आणि पहिल्या शनिवारचा तो फिकट किरण! काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही शेकडा चार-पाच भाग उजेड परततो. बाकीचा आत जाऊन लेपावरून येतो. ४५ अंशांत पाडलेल्या किरणाचे हे दोन भाग ३ मिमी काचेत सव्वादोन मिमीनं वेगळे होतात. फट फाटलेली नव्हती. त्या जोडीतल्या मुलीनं जे पाहिलं ते खरं होतं, आणि मी त्याकडे थांबून पाहिलं असतं तर कालची चाळीस मिनिटं वाचली असती.

पुढच्या बाजूलाच लेप असलेले आरसे मिळतात, पण ते महाग असतात आणि नुसत्या पुसण्यानंही ओरखडतात. मी तेच आरसे ठेवले. प्रत्येक कागदावर रेघ ओढून आरशाचा पुढचा काठ रेघेच्या २ मिमी पुढे ठेवायचा, एवढाच बदल.

२४ जानेवारी, तिसरा शनिवार

आधी फळ्यावर मागचे १४ आकडे लिहिले आणि सांगितलं की ते बरोबर होते, रेघ मी चुकीच्या जागी काढायला लावली होती. ज्या दोघींनी ८० लिहिलं होतं त्यांनी आपण होऊन खोडून ८४ केलं.

आजचा प्रश्न : डोक्यापासून पायापर्यंत दिसायला केवढा आरसा लागतो? सगळे म्हणाले, मागे सरकलं की लहान आरशातही आख्खं दिसतं. १२० सेमी उंचीचा आरसा भिंतीला लावून ठेवला. एकानं समोर उभं राहायचं, जोडीदारानं त्याच्या सांगण्यावरून आरशावर दोन चिकट खुणा लावायच्या, एक डोक्याच्या टोकाला आणि एक पावलांना. १ मीटर, २ मीटर आणि ३ मीटरवरून.

अपेक्षा होती की खुणा तिन्ही वेळा तिथेच राहतील. पण १ मीटरवरून ३ मीटरवर गेल्यावर पावलांची खूण सुमारे १० सेमी खाली आली. या वेळी मुलांना पुन्हा मोजायला सांगितलं नाही, थेट आरशापाशी गेले. खालचा काठ भिंतीपासून ६ सेमी पुढे होता, आरसा नुसता टेकवलेला. म्हणजे ३ अंशांचा कल. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, वरच्या काठामागे लाकडी पट्टी घालून आरसा सरळ उभा केला आणि बांधून टाकला. त्यानंतर तिन्ही अंतरांवरून खुणा जागच्या हलल्या नाहीत.

घरी आधीचे आकडे पुन्हा पाहिले तर दिसलं, की कललेल्या आरशातही डोक्याची आणि पावलांची खूण दोन्ही एकत्र खाली सरकल्या होत्या, त्यांच्यातलं अंतर मात्र फारसं बदललं नव्हतं. १४२ सेमी उंचीच्या मुलीसाठी ७१ सेमी, बरोबर निम्मं.

"निम्मा आरसा" हे मुलांना पटत नव्हतं ते एका साध्या गोष्टीनं पटलं. आरशावर तोंडाची वाफ सोडायची, एक डोळा मिटून त्या धुक्यावर बोटानं आपल्या चेहऱ्याची कड गिरवायची, मग पट्टीनं मोजायची. चेहरा २० सेमी लांब, रेघ १० सेमीची. वाफ लवकर उडते, त्यामुळे शेवटी साबणाची वडी वापरली. एक जण गिरवून झाल्यावर हळूहळू चार पावलं मागे गेला, आणि चेहरा त्या रेघेतच राहिला. तो परत पुढे आला, पुन्हा मागे गेला. रांगेतली मुलं ओरडेपर्यंत त्याचं हेच चाललं होतं.

३१ जानेवारी, चौथा शनिवार

अक्षरं आणि दोन आरसे.

इंग्रजी पुस्तकांत आरशात न बदलणारी अक्षरं शोधायला सांगतात. देवनागरीत ती जवळजवळ नाहीतच, कारण बहुतेक अक्षरांचा दंड उजवीकडे. मुलांनी सगळी वर्णमाला आरशासमोर धरली आणि एक ठ तेवढा टिकला, अंकांत शून्य आणि ४. डाव्या-उजव्याचा घोळ सोडवायला इशारे करून घेतले. उजवीकडे हात केला की प्रतिमाही त्याच बाजूच्या भिंतीकडे हात करते. वर केला तर वर. आरशाकडे केला की मात्र ती आपल्याकडे करते. उलटतं ते पुढचं-मागचं, हे बोलून कळत नाही, हात करून कळतं.

मग दोन पट्ट्या टेपनं बिजागरीसारख्या जोडून मधे एक खडू. ९० अंशांना ३ प्रतिमा, ६० ला ५, ४५ ला ७ यायला हव्यात. ९० ला काहींनी २ मोजल्या, काहींनी ४. मधली प्रतिमा नेमकी जोडावर येते. आमच्या जोडावर कागदी टेप आणि घासलेल्या कडा मिळून ५ मिमीची काळी पट्टी झाली होती. तिच्याखाली ज्यांची प्रतिमा झाकली गेली त्यांनी २ मोजल्या, आणि जिचे दोन अर्धे पट्टीच्या दोन बाजूंना डोकावले ती ज्यांनी दोनदा धरली त्यांच्या ४ झाल्या. २ मिमी अॅक्रिलिकचे तुकडे कडेला कड भिडवून, टेप फक्त मागून लावली आणि सगळ्यांचे ३ झाले. लहान तुकड्यांना तो फुगवटा जाणवत नाही. ७२ अंशांना खडू बरोबर मधोमध असेल तर ४, बाजूला सरकवून डोळाही हलवला तर पाचवी डोकावते. यावर दोन जोड्यांचं भांडण झालं, दोघीही बरोबर होत्या.

९० अंशांच्या जोडासमोर नाव लिहिलेला कागद धरला तर ते सुलट वाचता येतं. मुलींना याचा इतका आनंद झाला की वेळ संपला तरी कुणी उठेना.

७ फेब्रुवारी, पाचवा शनिवार

परिदर्शक (पेरिस्कोप). आतून ६ सेमी रुंदीचं पुठ्ठ्याचं खोकं, ३० सेमी उंच. आरसे ६ बाय ६ कापले, ही माझी चूक. ४५ अंशांत तिरका बसणारा आरसा ६ च्या १.४१ पट, म्हणजे साडेआठ सेमी लांब हवा. आठ तुकडे वाया गेले. पहिले दोन सिलिकॉननं चिकटवले, तर तासाभरानं पाठीमागच्या लेपावर डाग उमटले. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या लेपाला खातं. डबल टेपही जिथे जाड बसते तिथे अॅक्रिलिक फुगतं. शेवटी पुठ्ठ्यात तिरक्या खाचा पाडून आरसे नुसते सरकवले. हेच आधी करायला हवं होतं.

एका गटाचा वरचा आरसा उलट्या दिशेनं बसला. त्यांना पाठीमागचं दिसत होतं, आणि तेही खाली डोकं वर पाय. दुरुस्त करायला त्यांनी नकार दिला, आणि तो परिदर्शक मी तसाच ठेवला आहे.

१४ फेब्रुवारी, सहावा शनिवार

अंतर्वक्र आरसा. चमच्यात उलटं दिसतं हे सगळ्यांना माहीत, पण चमच्यानं कागदावर प्रतिमा पाडायचा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका, ती फार लहान आणि वेडीवाकडी येते. चेहरा मोठा दाखवणारा गोल आरसा घ्या. खिडकीसमोर धरून पांढऱ्या पुठ्ठ्यावर बाहेरचं झाड उमटेपर्यंत पुठ्ठा पुढे-मागे केला : ४० सेमी. हेच नाभीय अंतर.

मग अंधारात मेणबत्ती. ८० सेमीवर ठेवली तर ८० सेमीवर तेवढीच, उलटी ज्योत. ६० वर ठेवली तर प्रतिमा १२० सेमीवर, दुप्पट मोठी. इथे अडलो, कारण पडदा मेणबत्तीच्या मागे आणि वाटेत मेणबत्तीचीच सावली. आरसा किंचित बाजूला वळवल्यावर प्रतिमा मेणबत्तीच्या शेजारून पडद्यावर गेली.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी. मधल्या सुट्टीत आरसा टेबलावर उघडा राहिला आणि ऊन फिरून त्यावर आलं. शेजारच्या दप्तराच्या कापडावर तपकिरी ठिपका पडला, जळका वास आला म्हणून कळलं. १२ सेमीच्या आरशानं गोळा केलेलं ऊन ४ मिमीहून लहान ठिपक्यात उतरतं. काम नसेल तेव्हा आरशावर कापड टाका आणि तो पालथा ठेवा, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा.

शेवटच्या अर्ध्या तासात उरलेल्या अॅक्रिलिकचे तीन चौकोन खोक्याच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात जोडले. एक डोळा मिटून आत पाहिलं, की कोपरा कसाही फिरवा, उघडा डोळा बरोबर कोपऱ्यातच दिसतो. आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवणारी ही रचना १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवली, असे १०० कोपरे एका चौकटीत. पृथ्वीवरून सोडलेला लेझर तिथून अडीच सेकंदांत परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात. आमच्या कोपऱ्यात मात्र डोळ्याचे दोन तुकडे दिसत होते. फिकट किरण पाहिलेल्या त्याच मुलीनं ते आधी हेरलं. म्हणाली, "एक कोन नव्वदचा नाहीये, ताई." गुण्या लावला. खालचा कोन खरंच उघडा होता.

१५ फेब्रुवारी

उरलेलं सामान : काचेच्या पट्ट्या २१ (सहा आठवड्यांत आणखी ६ फुटल्या), अॅक्रिलिक संपलं. कोपरा सुटा करून ठेवला आहे. शनिवारी ती मुलगी येणार आहे, तेव्हा खाली लाकडी ठोकळा घालून पुन्हा जोडू.